डाव जिने मांडला

मागच्या सेमिस्टरला आम्हाला पेटंट-कॉपीराइटचा एक इलेक्टिव्ह होता. अर्धं लेक्चर मॅडमचं आणि अर्धं झोपेचं, असा तो विषय. त्यात एक असाइनमेंट आली : १९५० च्या आधी एखाद्या स्त्रीच्या नावावर मिळालेलं पेटंट शोधा, ड्रॉईंग समजून घ्या आणि दोन पानं लिहा. वर्गातल्या अर्ध्या पोरांनी मोटारीच्या काचेवरच्या वायपरचं पेटंट उचललं (मेरी अँडरसन, १९०३, नेटवर पहिलं तेच येतं) आणि उरलेल्या अर्ध्यांनी पहिल्या अर्ध्यांच्या फायली उचलल्या. मला फाईल मिळायला उशीर झाला, म्हणून नाइलाजाने स्वतः शोधत बसलो.

रात्री दीडच्या सुमारास अमेरिकन पेटंट क्रमांक ७४८६२६ समोर आलं. तारीख ५ जानेवारी १९०४. नाव लिझी जे. मॅगी. ड्रॉईंगमध्ये गिअर नाही, शाफ्ट नाही, स्प्रिंग नाही. नुसता एक चौकोन. चार कोपऱ्यांत चार मोठी घरं, प्रत्येक बाजूला नऊ छोटी घरं, आणि त्या नवांच्या बरोब्बर मध्ये एक रेल्वे. एका कोपऱ्यात जेल. पाणी, दिवाबत्ती, विकत घ्यायच्या जागा, त्यांचं भाडं. मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. अरे, हा तर आपला व्यापार!

व्यापार कुणाला समजावून सांगायची गरज नाही. आमचं गाव कान्हे. पुणे-लोणावळा लोकलने वडगाव सोडलं की पुढचं स्टेशन, कामशेतच्या अलीकडचं. जुलैत मावळात पाऊस एकदा लागला की लाईट जाते आणि मग कंदिलाच्या नाहीतर मोबाईलच्या उजेडात आमच्या घरी व्यापाराचा डबा निघायचा. नोटा फाटून चिकटपट्टीच्या झालेल्या, दिल्लीचं तिकीट हरवलेलं, त्याच्या जागी वहीचा कागद. मी, दोन चुलत भावंडं आणि आजोबा. आजोबांचा एक नियम होता. खेळात कितीही कंगाल झाले तरी जागा विकायची नाही. बँकेकडे गहाण टाकतील, आमच्याकडून उसने घेतील, डाव सोडून उठतील, पण तिकीट हातातून सोडणार नाहीत. आम्ही हसायचो. त्या हट्टाचं कारण मला बारावीनंतर कळलं, ते पुढे सांगतो.

तर ही लिझी मॅगी. पूर्ण नाव एलिझाबेथ. जन्म १८६६, इलिनॉय राज्यातलं मॅकोम्ब नावाचं गाव. वडील जेम्स मॅगी वर्तमानपत्र चालवायचे, गुलामगिरीच्या विरोधात होते. अब्राहम लिंकन १८५८ मध्ये डग्लसशी गावोगाव जाहीर वादविवाद करत फिरत होते, तेव्हा हे गृहस्थ त्यांच्याबरोबर हिंडले होते. घरात राजकारण म्हणजे चहासारखं, रोजचं. वडिलांनीच पोरीच्या हातात हेन्री जॉर्ज या माणसाचं १८७९ साली आलेलं एक पुस्तक दिलं, आणि त्या पुस्तकाने तिचा पुढचा सगळा जन्म व्यापला.

हेन्री जॉर्जचं म्हणणं थोडक्यात सांगतो, कारण ते कळल्याशिवाय हा खेळच कळत नाही. कान्हे फाट्यापाशी एक मोकळा तुकडा आहे असं समजा. मालक पुण्यात राहतो, तिथे गवतसुद्धा लावत नाही. मग टाकव्याकडे कारखाने येतात, रस्ता रुंद होतो, कामगार खोल्या शोधायला लागतात, दुकानं निघतात. तुकड्याचा भाव दसपट होतो. हा भाव वाढवला कुणी? रस्ता बांधणाऱ्यांनी, कारखान्यात घाम गाळणाऱ्यांनी, दुकानं चालवणाऱ्यांनी. पैसे मात्र गेले मालकाला, ज्याने काहीच केलं नाही. हेन्री जॉर्ज म्हणायचा की कष्टावरचे, धंद्यावरचे सगळे कर काढून टाका आणि फक्त जमिनीच्या या फुकट वाढलेल्या किमतीवर कर लावा. त्याला एकेरी कराची चळवळ म्हणत. जवळपास त्याच वर्षांत, १८८३ च्या सुमारास, आपल्या पुण्यात जोतीराव फुले 'शेतकऱ्याचा असूड' पुरं करत होते. दोघांचं निदान वेगळं, रोगी एकच : जमिनीवर राबणारा आणि तरीही उपाशी राहणारा माणूस. एवढा एक कर लावून सगळे प्रश्न सुटतात का, ते मला विचारू नका. इकॉनॉमिक्समध्ये मी काठावर पास आहे.

लिझी वॉशिंग्टनला आली आणि टपाल खात्याच्या डेड लेटर ऑफिसात स्टेनोग्राफर म्हणून लागली. ज्या पत्रांचा पत्ताच लागत नाही ती सगळी शेवटी या कचेरीत यायची. दिवसभर ही नोकरी. संध्याकाळी कविता, गोष्टी, रंगमंचावर विनोदी भूमिका, आणि एकेरी कराच्या मंडळींच्या बैठका. शिवाय डोक्यात यंत्रं. १८९३ मध्ये, सव्वीस वर्षांची असताना, तिने टाइपरायटरच्या रुळांतून कागद सोपेपणाने सरकावा म्हणून एक जोडणी काढली आणि तिचं पेटंट घेतलं. त्या काळात पेटंट मागणाऱ्या शंभर माणसांत एकसुद्धा बाई नसायची. आणि ही बाई लग्न न करता, स्वतःच्या पगारातून साठवून, मेरीलँडमध्ये ब्रेंटवूडला घर आणि थोडी जमीन घेऊन राहत होती. (हो, जमीनमालकांच्या विरुद्धची बाई स्वतः जमीनमालक होती. आमच्या रूममधल्या वादात हा मुद्दा तीनदा आला. माझ्या मते त्यात विसंगती नाही. राहायला जागा लागतेच.)

बैठकांमध्ये हेन्री जॉर्ज समजावून सांगताना तिच्या लक्षात आलं की भाषणाने लोक जांभया देतात. हे आपल्याला वेगळं सांगायला नको. मग तिने ठरवलं की सिद्धांत सांगायचा नाही, तो माणसाच्या अंगावर आणायचा. लोकांच्या हातात नोटा द्यायच्या, जागा द्यायच्या आणि भाडं भरायला लावायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर तिने अर्थव्यवस्थेचं वर्किंग मॉडेल बनवलं.

त्या मॉडेलचं डिझाईन बघण्यासारखं आहे. तोवर अमेरिकेतले बहुतेक बोर्डचे खेळ म्हणजे निघायचं ठिकाण आणि पोचायचं ठिकाण असलेला रस्ता. जो आधी पोचेल तो जिंकला. आपल्या सापशिडीसारखं. तिच्या चौकोनाला शेवटच नव्हता. फिरत राहायचं, आणि दर फेरीला सुरुवातीच्या कोपऱ्यावरून गेलं की शंभर डॉलर मजुरी. त्या कोपऱ्याला तिने धरणीमातेचं नाव दिलं होतं : धरणीवर कष्ट केले की मजुरी मिळते. ही मजुरी सगळ्यांना सारखी. फरक पडतो तो मधल्या घरांमध्ये. ज्याने जागा आधी घेतली त्याला बाकीचे फिरता फिरता भाडं देत राहतात, आणि काही फेऱ्यांनी मजुरी सगळ्यांची तीच असूनही एकाचा ढीग वाढतो, बाकीच्यांचा आटतो. एका कोपऱ्यावर लंडनच्या कुणा लॉर्डची मालकी. तिथे पाऊल पडलं की आगाऊपणा केला म्हणून थेट जेल. आणखी एका कोपऱ्यात सार्वजनिक बाग आणि तिला लागूनच कंगालांसाठी अनाथालय. भाकरी आणि निवारा अशा गरजेच्या वस्तूंची घरं वेगळी. नाव ठेवलं जमीनमालकाचा खेळ, 'द लँडलॉर्ड्स गेम'. अर्ज मार्च १९०३ चा.

खरी गंमत पुढे आहे. तिने नियमांचे दोन संच केले. एकात तुम्ही इतरांना चिरडून जिंकता. दुसऱ्यात जमिनीचं भाडं मालकाच्या खिशात न जाता सार्वजनिक खजिन्यात जातं, कुणी नवी जागा घेतली की फायदा सगळ्यांना होतो, आणि सगळ्यात कमी पैशांनी सुरुवात करणाऱ्याची रक्कम दुप्पट झाली की सगळेच जिंकतात. बोर्ड तोच, फासे तेच. लोकांनी दोन्ही डाव खेळावेत आणि बाकीचं स्वतःच ओळखावं, अशी तिची योजना. मुलं तर नक्की ओळखतील, असा तिला विश्वास होता.

आपल्याकडे सापशिडीचं मूळ जो मोक्षपट, तो ज्ञानेश्वर माउलींनी रचला असं परंपरा सांगते. त्यातही शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे. तो पट इंग्लंडला गेला, तिथल्या कंपन्यांनी छापला, आणि हळूहळू अर्थ गळून गेला. साप उरले, शिड्या उरल्या. लिझीच्या खेळाचं तसंच झालं, फक्त तिच्या डोळ्यांदेखत.

१९०६ मध्ये इकॉनॉमिक गेम कंपनी नावाच्या छोट्या कंपनीने खेळ छापला. लिझी तिची भागीदार होती. त्याच वर्षी ती शिकागोला होती आणि आठवड्याला दहा डॉलर पगारात तिचं भागत नव्हतं. तेव्हा तिने वर्तमानपत्रात जाहिरात दिली की एक तरुण अमेरिकन गुलाम स्त्री विकणे आहे, जास्त बोली लावणाऱ्याला मिळेल. म्हणजे स्वतःलाच विकायला काढलं! नोकरी करणाऱ्या बाईची किंमत समाजात काय आहे हे दाखवायला. देशभर बातम्या झाल्या, आणि त्या धामधुमीत तिला वार्ताहराची नोकरी मिळाली. चाळिशीची बाई होती ही. आमच्याकडे फीवाढीच्या निवेदनावर सही करतानासुद्धा पोरं दोनदा विचार करतात.

१९१० मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, तिने अल्बर्ट फिलिप्स यांच्याशी लग्न केलं. त्याच वर्षी पार्कर ब्रदर्स या मोठ्या खेळ कंपनीने तिचा 'मॉक ट्रायल' हा पत्त्यांचा खेळ काढला. हे लक्षात ठेवा, कंपनीला ही बाई तेव्हापासून माहीत होती. १९१३ मध्ये जमीनमालकाचा खेळ वेगळ्या नावाने ब्रिटनमध्येही निघाला.

पण दुकानापेक्षा हा खेळ पसरला तो घराघरांतून, हाताने काढलेल्या प्रतींवरून. आपल्याकडे नोट्सची झेरॉक्स फिरते तसा. डेलावेअर राज्यात आर्डेन नावाची वसाहत हेन्री जॉर्जच्या अनुयायांनी १९०० साली वसवली होती. तिथे तो आवडीने खेळला जायचा. तिथून स्कॉट नियरिंग नावाच्या प्राध्यापकाने तो पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या वॉर्टन स्कूलमध्ये नेला आणि विद्यार्थ्यांना शिकवला. आता एकदा होस्टेलात शिरलेली गोष्ट कुठे थांबते का! पोरांनी कापडावर बोर्ड काढले, आपापल्या शहरांची नावं टाकली, सुट्टीला घरी नेले. लोक त्याला मोनोपॉली म्हणायला लागले. अटलांटिक सिटी गावात क्वेकर पंथाच्या मंडळींनी आपल्या गावातल्या रस्त्यांची नावं घातली. या सगळ्या वाटेत दुसरा नियमसंच, सगळे जिंकतात तो, कुठेतरी गळून पडला. कुणी मुद्दाम टाकला नाही. एकमेकांना लुटण्यात जास्त मजा येते, एवढंच. आणि कापडी बोर्डावर शोधकाचं नाव कोण लिहितो?

तिचं पहिलं पेटंट सतरा वर्षांनी, १९२१ मध्ये, संपलं. तिने बोर्डात सुधारणा करून १९२४ मध्ये दुसरं मिळवलं. ही तारीख पुढे फार महत्त्वाची ठरली.

१९३२ साली, मंदीच्या ऐन काळात, फिलाडेल्फियात चार्ल्स टॉड नावाच्या गृहस्थांनी आपल्याकडे आलेल्या जोडप्याला हा खेळ शिकवला. पाहुणा होता चार्ल्स डॅरो. नोकरी गेलेला सेल्समन, घरी आजारी मुलगा. त्याला खेळ आवडला, त्याने टॉडकडून नियम लिहून मागितले, आणि पुढे बोर्ड तयार करून स्वतःचा शोध म्हणून विकायला लागला. सबमिशनमध्ये कॉपी पकडतात ना, तशी यातली कॉपी एका स्पेलिंगवरून पकडता येते. अटलांटिक सिटीजवळच्या मार्व्हन गार्डन्स या वस्तीचं नाव टॉडच्या बोर्डावर चुकून मार्विन झालं होतं. डॅरोच्या बोर्डावर तेच मार्विन आलं, आणि जगभरच्या लाखो डब्यांवर ते तसंच छापलं गेलं. पहिल्यांदा मोठ्या कंपन्यांनी त्याला नकार दिला. त्याने स्वतः छापून फिलाडेल्फियातल्या दुकानात खपवला, तेव्हा मार्च १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सने तो विकत घेतला. रॉयल्टीवर डॅरो लक्षाधीश झाला. मला डॅरोचा पूर्ण राग येत नाही, हेही सांगतो. उपाशी माणसाने हाताला लागलेली वस्तू विकली. पण रोजगार नसताना घरातल्या तळघरात बसून आपणच हा खेळ शोधला, ही जी गोष्ट तो सांगत राहिला आणि कंपनी वर्षानुवर्षं सांगत राहिली, तिच्याशी माझं भांडण आहे.

कंपनीला लवकरच समजलं की १९२४ चं पेटंट जिवंत आहे. तेव्हा खुद्द जॉर्ज पार्कर व्हर्जिनियात आर्लिंग्टनला लिझीच्या घरी आले. दोघंही १८६६ चेच जन्मलेले, सत्तरीला टेकलेले. नोव्हेंबर १९३५ मध्ये व्यवहार झाला : पेटंटचे पाचशे डॉलर, रॉयल्टी शून्य. शिवाय तिचे आणखी खेळ छापायचं ठरलं. आणि गंमत म्हणजे बाई खूश होती! पैशांसाठी नाही. एवढी मोठी कंपनी आपला जमीनमालकाचा खेळ छापणार, देशभर पोरं तो खेळणार आणि हेन्री जॉर्ज घरोघर पोचणार, असं तिला वाटलं. लेक सासरी पाठवावी तसा तिने आपल्या खेळाला निरोप दिला.

मग दुकानात मोनोपॉली आली. डॅरोच्या नावाने, एकाच नियमसंचाने.

जानेवारी १९३६ मध्ये तिने वॉशिंग्टनच्या दोन वर्तमानपत्रांना मुलाखती दिल्या, आपले जुने बोर्ड हातात धरून फोटो काढून घेतला. पेटंटसाठी वकिलावर झालेला खर्चसुद्धा या पाचशेत निघाला नाही, ही तिची तक्रार त्यात आली. दोन दिवस चर्चा झाली आणि विरली. पार्कर ब्रदर्सने शब्द पाळला : १९३७ मध्ये तिचे दोन खेळ आणि १९३९ मध्ये जमीनमालकाचा खेळ छापला. कागदोपत्री करार पुरा. पण त्यांचा गाजावाजा झाला नाही, आणि ते आज संग्राहकांनाही क्वचित सापडतात. १९४० च्या जनगणनेत तिने व्यवसायाच्या रकान्यात खेळ बनवणारी असं लिहून दिलं. उत्पन्नाच्या रकान्यात शून्य. १९४८ मध्ये ती वारली. पुढे १९६७ मध्ये डॅरो वारल्यावर अटलांटिक सिटीने त्याच्या नावाची पाटी लावली.

एवढ्यावर सगळं मिटलं असतं. पण सॅन फ्रान्सिस्कोत राल्फ अँस्पाक नावाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी १९७३ मध्ये मक्तेदारीच्या विरुद्ध 'अँटी-मोनोपॉली' नावाचा खेळ काढला. कंपनीने नावावरून धमकावलं. प्राध्यापक हट्टी निघाले. खटल्यासाठी खेळाचं मूळ शोधत गेले तर म्हातारे क्वेकर, जुने कापडी बोर्ड आणि शेवटी १९०४ चं पेटंट हाती लागलं. १९७७ मध्ये ते खालच्या कोर्टात हरले, तेव्हा त्यांच्या खेळाचे सुमारे चाळीस हजार डबे मिनेसोटातल्या एका कचराडेपोत पुरले गेले. तरी अपील करत राहिले आणि १९८३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन जिंकले. एका म्हातारीचं नाव परत मिळालं ते असं, दुसऱ्याच कुणाच्या कोर्टकचेरीत, ती गेल्यावर पस्तीस वर्षांनी. २०१५ मध्ये मेरी पिलॉन या पत्रकार बाईंचं पुस्तक आलं, तेव्हा कुठे ती सगळ्यांना माहीत झाली.

असाइनमेंटला दहापैकी सात मिळाले. (वायपरवाल्यांनाही सातच.) पण माझं समाधान झालं नव्हतं. ड्रॉईंग शीटच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी आणि रूममेटने तिच्या मापाने बोर्ड काढला. चार कोपरे, बाजूला नऊ-नऊ घरं. रेल्वेच्या चार घरांत तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा. बाकी घरांत कान्हे, टाकवे, नाणे, कार्ला वगैरे. लॉर्डच्या कोपऱ्यात रेक्टर सरांची रूम टाकली होती, ती नंतर खोडली. आधी पहिले नियम लावून खेळलो. अडीच तास, आरडाओरडा, शेवटी मेसवाल्या काकांनी येऊन दटावलं. दुसऱ्या रात्री सगळे जिंकण्याचे नियम. खरं सांगतो, पाऊण तासात पोरं मोबाईल काढून बसली. एक जण म्हणाला की यात हरवायचं कुणाला? लिझीच्या डिझाईनमधली अडचण ती हीच असावी. तिचा वाईट डाव तिच्या चांगल्या डावापेक्षा फार चांगला जमून गेला होता.

गणपतीच्या सुट्टीत बोर्ड घरी नेला. आता आजोबांचं सांगतो. माझ्या जन्माच्या आधी, आत्याच्या लग्नाच्या वेळी, त्यांनी स्टेशनच्या अंगाची वीस गुंठे जमीन एका एजंटला दिली होती. एजंटने वर्षभरात ती पुढे विकली, पुढच्याने आणखी पुढे. त्या वीस गुंठ्यांच्या पैशांत आज तिथला एक गुंठाही येणार नाही. तिथे आता प्लॉटिंगचं कुंपण आहे, आत गुडघाभर गवत. पप्पा रोज कामावर जाताना त्याच्या कडेने जातात. घरात हा विषय कुणी काढत नाही.

मी आजोबांना दुसरे नियम समजावले. जागा तुमची, पण भाडं खजिन्यात जाणार, तुम्हाला नाही. त्यांनी दोनदा विचारून घेतलं. हा खजिना सांभाळणार कोण, त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार, हेही विचारलं. त्याचं उत्तर लिझीने दिलेलं मला सापडलं नव्हतं. मग त्यांनी चष्मा लावला आणि फासे टाकले. मोजत मोजत सोंगटी कान्ह्यावर आली. मी पुन्हा आठवण करून दिली की इथे भाडं मिळणार नाही.

त्यांनी साठ रुपये मोजून माझ्या हातात ठेवले आणि तिकीट मागितलं.